सातव्या डब्याचं म्हणणं

मी पीएचडीसाठी हॉलंडला निघाले त्या सकाळी आमच्या घरात माझ्यापेक्षा जास्त भाव माझ्या सूटकेसला होता. विमानात तेवीस किलोच्या वर नेऊ देत नाहीत हे कळल्यापासून आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, रताळी तोलायचा काटा धुऊनपुसून पुढच्या सोप्यात मांडून ठेवला होता. सूटकेस काट्यावर चढली की आकडा पंचवीसच्या खाली यायला तयार नसे. आप्पा एखादी पुडी बाहेर काढत आणि त्यांची पाठ वळली की आई दुसरी आत सारत असे. गल्लीतली निम्मी माणसं निरोप द्यायला म्हणून आली होती, ती काट्याभोवती उभी राहून पंचगिरी करायला लागली. कुणी म्हणे चटणी काढा, कुणी म्हणे चटणी राहू दे, पुस्तकं काढा. शेवटी दादानं, माझ्या मोठ्या भावानं, घड्याळ दाखवून सूटकेस गाडीत टाकली आणि आम्ही कडोलीहून बेळगावच्या सांबरा विमानतळाकडे निघालो.

विमानतळाच्या दारात आई मनसोक्त रडली. तिला रडताना कुणाची भीडभाड वाटत नाही, तिचं मला हे आवडतं. आप्पा मात्र तिकिटाकडे बघत उभे होते. काहीतरी बोलायला हवं हे त्यांना कळत होतं आणि काय ते सुचत नव्हतं. मी आत जायला वळले तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तिथली माणसं बी बटाटंच खात्यात म्हणं. मग काय काळजी न्हाय." बटाटे पिकवण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांनी यापेक्षा मोठा आशीर्वाद कुठून द्यायचा?

तसं घर मी त्याआधीच एकदा सोडलं होतं. कॉलेजसाठी बेळगावात टिळकवाडीला मावशीकडे राहायला गेले, ते अंतर बसनं अर्ध्या-पाऊण तासाचं. तेव्हाही आई अशीच रडली होती, आणि शनिवारी मी परत आल्यावर "आलीस व्हय इतक्यात?" म्हणून हसली होती. तुमच्यापैकी जे मागे राहिले आहेत त्यांना वाटतं आम्ही एकदाच जातो. जे माझ्यासारखे गेले आहेत त्यांना माहीत आहे की आपण टप्प्याटप्प्यानं जातो, आणि प्रत्येक टप्प्याला वाटतं की हा काही फार लांबचा नाही.

हॉलंडातलं माझं गाव छोटं आहे. कालवे, सायकली, आणि ढगाळ आभाळ. पहिल्या महिन्यात मी सायकलवरून दोनदा पडले आणि दोन्ही वेळा लोकांनी मला उचलायच्या आधी सांगितलं की तुम्ही चुकीच्या बाजूनं चालला होता. इथली माणसं अशीच आहेत. पोटात एक आणि ओठात एक हा प्रकार त्यांना जमतच नाही. माझे गाईड हेंक (त्यांना सर म्हटलेलं चालत नाही, आडनावानं हाक मारलेलीही चालत नाही) यांनी माझा पहिला रिपोर्ट वाचून सांगितलं, "हे वाईट आहे." मी हादरले. मग ते कॉफी आणायला गेले, येताना माझ्यासाठीही घेऊन आले, आणि वाईट म्हणजे नेमकं काय ते दोन तास समजावत बसले. आमच्याकडे एवढं वाईट बोलल्यावर दोन वर्षं लग्नाकार्याला जाणं-येणं बंद होतं.

आणखी एक गंमत सांगते. लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर धारवाडचा बसवराज बसतो. बेळगावात आम्ही दोघं भेटलो असतो तर दुकानाच्या पाट्या कुठल्या भाषेत असाव्यात यावर नक्की वाजलं असतं. इथं मात्र पहिल्याच दिवशी त्यानं "ऊटा आयता?" म्हणजे जेवलीस का, असं विचारलं आणि मला भरून आलं. अख्ख्या इमारतीत जेवणाची चौकशी करणारा तो एकच माणूस होता.

आता माझं काम काय ते सांगायला हवं. घरी मी अनेकदा सांगितलं आहे आणि दरवेळी आई म्हणते, "व्हय व्हय, कॉम्प्युटरचं." म्हणून इथं नीट सांगते. शेतात वीस छोटे डबे ठेवले आहेत असं समजा. साबणाच्या वडीएवढा एकेक. प्रत्येक डबा आपल्या जागेची उष्णता आणि हवेतला ओलावा मोजतो आणि बिनतारी बोलतो: शेजारच्या डब्याशी, तो पुढच्याशी, असं करत निरोप एका मोठ्या डब्यापर्यंत जातो. मोठ्या डब्यात सिमकार्ड असतं, तो ते सगळं माझ्या कॉम्प्युटरवर पाठवतो. मी इकडून प्रश्न विचारायचा, "शेतात दमट कुठं आहे?" आणि शेतानं उत्तर द्यायचं. दमट जागी बटाट्यावर करपा आधी पडतो, म्हणून ते कळलं तर सगळ्या शेतावर औषध मारावं लागत नाही, तेवढ्याच कोपऱ्यावर मारता येतं.

अडचण एकच, बॅटरी. डब्याला मोजायला फारसं काही लागत नाही, विचार करायलाही नाही. बोलायला लागतं. वीसच्या वीस डबे सारखे बोलत बसले तर महिन्याभरात सगळ्यांचा घसा बसतो. म्हणून आमच्या विषयातली सगळी हुशारी ही की कमीत कमी बोलून पुरेसं उत्तर कसं मिळवायचं. माझी युक्ती साधी होती. ज्या डब्यांचे आकडे शेजाऱ्यांशी जुळतात त्यांनी गप्प बसायचं. त्यांच्यातल्या एकानं सगळ्यांच्या वतीनं बोलायचं. ज्याचं वेगळं असेल त्यानंच तेवढं तोंड उघडायचं.

इथं पहिल्या वर्षाच्या शेवटी परीक्षा असते. तीन माणसांची कमिटी बसते, तुमचं काम बघते आणि ठरवते की पुढची तीन वर्षं द्यायची की इथंच रामराम करायचा. मधलं काही नाही. माझी परीक्षा नोव्हेंबरात होती. ऑगस्टमध्ये मी घरी आले ती वीस डबे आणि एक मोठा डबा घेऊनच. कागदावर माझी युक्ती चालते हे सिद्ध झालं होतं, आता खऱ्या शेतात दाखवायची होती. आणि खरं शेत म्हटल्यावर मला आमचंच सुचलं.

आप्पांनी डबे बघितले, उलटेपालटे केले आणि विचारलं, "ह्यास्नी खायला काय घालायचं?" मी म्हटलं काही नाही, नुसते जागेवर राहू द्यायचे, हात लावायचा नाही. त्या वर्षी आमची लावण उशिरा झाली होती, त्यामुळे बटाट्याचा पाला ऐन भरात होता. आम्ही दोघांनी काठ्या रोवून डबे बांधले, मोठा डबा विहिरीजवळ मोटारीच्या खोलीत ठेवला. मी प्रत्येकाला नंबर दिला. आप्पांनी नंबर ऐकून घेतले आणि स्वतःची नावं ठेवली: बोरीखालचा, पाटाकडंचा, खालच्या बांधावरचा. जाताना मी पुन्हा बजावलं. ते म्हणाले, "अगं, पोटच्या पोरागत सांभाळतो की." त्यांनी शब्द पाळला. भानगड झाली ती त्यामुळेच.

परत आल्यावर रोजचा फोन ठरलेला होता. फोन आई घेते. मी विचारते, "कसं काय सगळं?" आई म्हणते, "सगळं बरं हाय." आप्पा? "बरं हाईत, मळ्यात गेल्यात." दादा? "मच्छ्याला कारखान्यात गेलाय, बरा हाय." मग ती मला विचारते आणि मीही म्हणते, सगळं बरं आहे. सायकलवरून पडले तेव्हा बरं होतं, हेंकनी वाईट म्हटलं तेव्हाही बरं होतं. पाच मिनिटांत फोन संपतो, दोन्हीकडे समाधान. तुम्हीही असेच फोन करत असाल. आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

सप्टेंबर असातसाच गेला. डब्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. पाटाकडचा दमट, बोरीखालचा गार, बांधावरचा तापलेला. जुळत नाही म्हटल्यावर सगळेच बोलत होते आणि बॅटरी भसाभस खाली येत होती. शिवाय निम्मे निरोप वाटेतच गळत. माझी युक्ती कागदावर शहाणी आणि शेतात वेडी ठरत होती. हेंकनी नेहमीप्रमाणे सांगून टाकलं की असंच चाललं तर कमिटी पुढची वर्षं देणार नाही. मी घरी फोन केला आणि सांगितलं, सगळं बरं आहे.

आणि ऑक्टोबरात एका सकाळी चमत्कार झाला. मी लॅबमध्ये येऊन स्क्रीन उघडली तर वीसच्या वीस डबे जुळत होते. सगळ्यांची उष्णता एक, ओलावा एक. एक डबा बोलत होता, बाकीचे एकोणीस शहाण्यासारखे गप्प. एकही निरोप गळत नव्हता. मला वाटलं आदल्या दिवशी मी प्रोग्रॅममध्ये जी दुरुस्ती केली होती तिचीच ही करामत. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मी बसवराजला ओढून आणून स्क्रीन दाखवली. त्यानं कपाटातून त्याच्या आईनं पाठवलेला धारवाडी पेढा काढला, जो तो म्हणे स्वतःच्या परीक्षेसाठी राखून ठेवणार होता. नऊ दिवस मी हवेत होते. त्या नऊ दिवसांचा आलेख मी रिपोर्टच्या पहिल्याच पानावर टाकला.

फक्त सातव्या डब्याची कटकट होती. तो दिवसभर इतरांसारखा गप्प असे आणि रोज ठरावीक वेळी मधेच बोले: माझ्याकडे दोन अंश जास्त आहे. तासाभरानं पुन्हा गप्प. मी ठरवलं की सातवा बिघडला आहे. ऊन लागून त्याचं आतलं काहीतरी सैल झालं असणार. मी त्याला आलेखातून काढून टाकलं. आलेख आणखी सुरेख दिसायला लागला.

हेंकनी रिपोर्ट वाचला. हे वाईट आहे म्हणाले नाहीत, हेच मला पुरे होतं. पण पेन्सिलनं एका ओळीखाली रेघ मारून त्यांनी विचारलं, "सातवा बिघडलाय हे तुला कसं कळलं?" मी म्हटलं, कारण तो इतरांशी जुळत नाही. ते म्हणाले, "मग ते त्याचं काम आहे. बिघडलेलं यंत्र वेळ पाळत नाही. हा रोज एकाच वेळी बोलतोय. तुमच्या शेतात त्या वेळी काय होतं?"

वेळ हॉलंडातली दुपारी साडेतीनची होती. मी हिशेब केला. घरी संध्याकाळचे सात. आणि दुसरा, लहानसा चढ घरच्या सकाळी साडेसहाला. मी डोळ्यांसमोर मळा आणला. सात वाजता मळ्यात काय गरम होणार? ऊन गेलेलं असतं, माणसं घरी आलेली असतात. मोटार? मोटार रोज एकाच वेळी कधी चालू होणार, लाइटचा पत्ता कुणाला. मी त्या आकड्यांकडे बघत बसले. सकाळी साडेसहा, संध्याकाळी सात. सकाळी साडेसहा, संध्याकाळी सात. आणि मग एकदम माझ्या नाकात तेलवातीचा वास आला. या वेळांना गरम होणारी जगात एकच जागा मला माहीत होती. त्या वेळी आई देवापुढं समई लावते.

मी कॅलेंडर उघडलं. चमत्कार झाला तो दिवस खंडेनवमीचा होता.

खंडेनवमीला आमच्याकडे कामाच्या सगळ्या वस्तू धुऊन देवघरात मांडतात. कुदळ, खुरपी, विळे, औषध मारायचा पंप, दादाची कारखान्यातली मापं घ्यायची पट्टीसुद्धा. मी शाळेत असताना माझी कंपासपेटी त्या ओळीत असायची आणि त्या दिवशी अभ्यास करायचा नसतो म्हणून हा सण मला दिवाळीहून जास्त आवडायचा. पोटच्या पोरासारखे सांभाळलेले डबे आप्पा त्या दिवशी शेतात बेवारशासारखे कसे ठेवतील? हळदीकुंकू लावून, फूल वाहून, वीस डबे ओळीनं आणि मोठा डबा मधोमध. एकाच खोलीत, एकाच पाटावर. उष्णता एक, ओलावा एक, निरोप गळायचा प्रश्नच नाही. आणि समईशेजारी सातवा.

मी इतकी हसले की बसवराज धावत आला. आणि हसता हसताच माझ्या लक्षात आलं की हे मला सुचायला नऊ दिवस लागले. खंडेनवमी कधी होती हे मला कॅलेंडर बघून कळलं. मग मात्र मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही, त्या बाबतीत मी आईवर गेले आहे.

पण एक गोष्ट जुळत नव्हती. खंडेनवमीचं सगळं दसऱ्याला उचलतात. डबे नऊ दिवस देवघरात काय करत होते?

मी व्हिडिओ कॉल लावला. आईनं घेतला. "सगळं बरं हाय," ती म्हणाली, मी काही विचारायच्या आधीच. मी विचारलं, "आई, डबे अजून देवघरात का आहेत?"

आईचा चेहरा असा झाला की जणू मी खिडकीतून आत वाकून बघितलं होतं. "तुला कसं कळलं गं?"

"समईजवळच्या डब्यानं सांगितलं."

आईनं वळून देवघराकडे बघितलं. मग तिच्या मागून आवाज आला, "सांग आता. डबी बी चुगल्या कराल्यात." तिनं फोन फिरवला. सोप्यातल्या बाजेवर आप्पा होते, उशीवर डावा पाय, आणि पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ते डबे काढायला मळ्यात गेले होते. एकोणीस काढून पिशवीत घातले. विसावा खालच्या बांधावरचा. बांध ओला होता, पिशवी सांभाळायच्या नादात पाय सरकला आणि घोट्याचं हाड मोडलं. पिशवी त्यांनी छातीशी धरली होती, त्यामुळे डब्यांना ओरखडासुद्धा आला नाही हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. विसावा आणि मोटारीच्या खोलीतला मोठा डबा दादानं जाऊन आणला. पूजा झाली. पण कुठला डबा कुठल्या जागेवर हे घरात फक्त आप्पांना माहीत, आणि आप्पा बाजेवर.

"मला का सांगितलं नाही?" मी ओरडलेच.

"तुझी परीक्षा हाय," आई म्हणाली. "आणि तुझ्याच डब्यांपायी पडलं म्हटल्यावर तुला कसं वाटलं असतं? म्हणून मीच म्हटलं, कुणी बोलायचं न्हाय."

"रोज मळ्यात गेल्यात म्हणत होतीस!"

"मन तर मळ्यातच हाय की त्यांचं."

आप्पा हसले, आणि हसताना पाय हलला म्हणून कळवळले. मी त्यांच्याकडे बघत होते. तीन माणसांचं घर, त्यातल्या दोघांना गप्प बसवलेलं आणि एक जण सगळ्यांच्या वतीनं सांगतो की सगळं बरं आहे. हीच युक्ती मी वर्षभर खपून कागदावर मांडली होती आणि तिच्यावर पदवी मागणार होते. फोन ठेवल्यावर मी तो आलेख पुन्हा उघडला. तो खरोखरच फार सुरेख होता.

परीक्षेला आठ दिवस होते. नऊ दिवसांचे आकडे फुकट. उरले सप्टेंबरचे, रडतखडत आलेले. खरं सांगायचं तर एक क्षणभर मनात आलं की हेंकना कुठं देवघर माहीत आहे? सातव्याचं काहीतरी कारण सांगून वेळ मारून नेता येईल. कमिटीतल्या कुणालाही ते कळलं नसतं. पण त्या आलेखावर पास व्हायचं म्हणजे मीही "मळ्यात गेल्यात" म्हणण्यासारखंच होतं, आणि त्या शब्दांचा मला नुकताच चांगला राग आलेला होता.

मी हेंकना जाऊन सगळं सांगितलं. खंडेनवमी म्हणजे काय ते सांगायला अर्धा तास गेला. आधी त्यांचे खांदे हलायला लागले, मग चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. हा माणूस इतका हसू शकतो हे त्यांच्या शेजारच्या खोलीतल्यांनाही माहीत नसावं, दोघं डोकावून गेले. शेवटी ते म्हणाले, "तू डब्यांना उष्णता विचारलीस. तुम्ही कुठे आहात हे विचारलंच नाहीस." आणि मग, हेंकच ते: "तू नापास होऊ शकतेस. तरी हेच सांग."

त्या आठ दिवसांत दादानं रजा काढली. आप्पा बाजेवरून व्हिडिओवर सूचना देत, "आरं त्यो न्हवं, त्यो बोरीखालचा!" आणि दादा पाल्यातून डबे घेऊन फिरे. दादा मच्छ्याच्या कारखान्यात केसाएवढ्या फरकाची मापं घेतो, पण आमच्याच शेतात त्याला बोरीखालचा आणि पाटाकडचा यांत फरक कळेना. मी इकडे प्रोग्रॅममध्ये एक गोष्ट घातली. जुळत असलं तरी प्रत्येक डब्यानं दिवसातून एकदा, आपली पाळी आली की, स्वतःचं स्वतः सांगायचं. दुसऱ्यानं त्याच्या वतीनं सांगितलेलं त्या वेळी चालणार नाही. पाळी हा शब्द मला शोधावा लागला नाही. आमच्या विहिरीचं पाणी चार भाऊबंदांत पाळीनंच मिळतं आणि आपल्या पाळीला आपणच जायचं असतं. अर्थात बॅटरी थोडी जास्त खर्ची पडते. मी ती पडू दिली.

कमिटीपुढं मी देवघराचा फोटोच लावला. कुदळ, विळे, पंप, डब्यांची ओळ, समई, सातवा. तिघांपैकी एक वयस्क बाई होत्या, त्या फार वेळ फोटोकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, "म्हणजे तुमचे सगळ्यात चांगले निकाल खोटे आहेत?" मी म्हटलं, "निकाल खरे आहेत. खोली खरोखरच एकसारखी होती. मी ज्याला शेत समजत होते ते शेत नव्हतं." त्यांनी पाळीबद्दल बरंच खोदून विचारलं. मी घामाघूम झाले होते. मला बाहेर बसायला सांगितलं. बाहेर बसवराज होता. त्यानं फक्त जेवलीस का ते विचारलं.

वीस मिनिटांनी हेंक बाहेर आले आणि म्हणाले, "तीन वर्षं."

तोपर्यंत आमच्या घरीही पाळी सुरू झालेली होती. मी अट घातली होती की रविवारी फोन प्रत्येकानं आपल्या हातात घ्यायचा आणि आपलं आपण सांगायचं, आईनं मधे पडायचं नाही. पहिल्या रविवारी आईला ते फार जड गेलं. दादानं सांगितलं की कारखान्यात नवी मशिनं आल्यात आणि त्याला थोडी धास्ती वाटते. हे आईलाही माहीत नव्हतं. आईनं स्वतःच्या पाळीला सांगितलं की रात्रीची शाळा असते तसं तिला मोबाइलवर इंग्रजी शिकायचं आहे, म्हणजे माझ्याकडे आली तर दुकानात बोलता येईल. मीही सांगितलं की मी सायकलवरून पडले होते, आणि तुम्हाला वर सांगितलं तसं दोनदा नाही, चारदा. सगळे एकदम बोलायला लागले.

निकालाचा दिवस रविवार नव्हता, तरी मी आप्पांच्याच फोनवर लावला. त्यांना म्हटलं, पास झाले, अजून तीन वर्षं मिळाली. ते म्हणाले, "चांगलं झालं." आणि थांबून, "खरं सांगू व्हय?"

"सांगा."

"कालपास्नं मनात येत होतं, नापास झालीस तर बरं हुईल. घरला येशील."

मागून आईचा आवाज आला, "काय तर बोलतासा! पोरगी पास झालीया!"

"तू गप. माझी पाळी हाय, मी माझं सांगालोय," आप्पा म्हणाले. आणि मला म्हणाले, "लई आनंद झाला बघ. आणि थोडं वाईट बी वाटलं. दोन्ही लिहून घे तुझ्या त्या कॉम्प्युटरात."

मी कालव्याच्या कठड्यावर बसले होते. मला हसू आलं, रडू आलं, आणि इतकं हलकं वाटलं की तसं वर्षभरात वाटलं नव्हतं. घर म्हणजे काय, असं आता कुणी विचारलं तर मी कडोलीचा पत्ता सांगत नाही. माझ्या पास होण्याचं जिथं एका माणसाला वाईट वाटतं आणि तो ते मला सांगतो, ते माझं घर. हॉलंडात तोंडावर बोलणारी माणसं पुष्कळ आहेत, पण मी नापास व्हावं असं मनापासून वाटणारं त्यांच्यात कुणी नाही.